घोट्यावरची कातडी काळवंडते ती का? उतारवयातलं रक्ताभिसरण आणि पायांची त्वचा

चाफा

चेहऱ्याला चकाकी यावी म्हणून रक्ताभिसरण वाढवा, अमुक तेलाने चोळा, असं जागोजागी वाचायला मिळतं. पण साठीनंतर रक्ताभिसरणामुळे कातडी खरोखर बिघडते ती गुडघ्याखाली. त्यावर मराठीत फार थोडं लिहिलं जातं, म्हणून हा धागा काढला आहे. जाणकारांनी भर घालावी.

आधी चित्र डोळ्यांसमोर आणा. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या चार बोटं वर, गंजासारखा तपकिरी डाग येतो. सुरुवातीला तिथे नुसती खाज असते. मग कातडी कोरडी पडते, कोंडा सुटतो, कधी लस येते. संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ खोल उमटतो आणि सकाळी सूज ओसरलेली असते. घरात याला कोणी 'गजकर्ण' म्हणतं, कोणी 'उष्णता', आणि दुकानातून खाजेचं मलम येतं.

आत काय घडतं? हृदयाकडून पायात रक्त उतरतं ते रोहिणीतून, आपोआप. परत वर चढायचं ते नीलांमधून, गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध. त्यासाठी पोटरीचा स्नायू दर पावलाला आवळतो, खोल नीला पिळतो आणि रक्त वर ढकलतो. नीलांच्या आत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून वर गेलेलं रक्त मागे येत नाही. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्यापाशी नीलेतला दाब साधारण ८० ते ९० मिलिमीटर पारा असतो. चालायला लागलं की तो ३० च्या खाली येतो. झडपा गळक्या झाल्या किंवा पोटरी कमजोर पडली की चालतानाही तो पुरेसा उतरत नाही. दिवसभर त्या दाबाखाली केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, पाठोपाठ लाल पेशीही. त्या पेशी कातडीत फुटतात आणि त्यांतलं लोह तिथेच साचतं. तपकिरी रंग त्या लोहाचा आहे. तो घासून जात नाही, कारण तो मळ नाही.

म्हणजे पायाच्या बाबतीत अडचण रक्त पोचण्याची नसून परतण्याची आहे. गरम शेक, झोंबणारी मलमं, 'रक्तप्रवाह वाढवणारी' क्रीम हे सगळं पायात आणखी रक्त आणतं. निचरा तुंबलेल्या मोरीत वरून नळ सोडावा तसं ते होतं.

घरी तपासायचं तर संध्याकाळी नडगीच्या हाडावर अंगठा १० सेकंद दाबून धरा. खळगा पडला आणि भरायला वेळ लागला तर ती पाण्याची सूज. मग माणसाला दोन मिनिटं उभं करून पोटरीच्या मागे आणि मांडीच्या आतल्या बाजूला फुगलेल्या शिरा बघा. शिरा दिसल्या नाहीत म्हणून झडपा ठीक आहेत असं समजू नका. जाड पायात त्या आत लपून राहतात.

रानजाई

उत्तम धागा. मेडिकलमध्ये दाबाचे मोजे (पाय बाहेरून आवळून धरणारे, कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज) मिळतात ते सरळ आणून घालावेत का? आणि मधुमेह असेल तर?

पारिजात_नर्सिंग

सरळ आणू नका. आधी पायात रक्त नीट उतरतंय ना ते बघावं लागतं. रोहिणी अरुंद झालेल्या पायावर दाबाचा मोजा चढवला तर आधीच कमी असलेला पुरवठा आणखी दाबला जातो, कातडी काळीनिळी पडून सडू शकते.

तपासणी सोपी आहे. घोट्याजवळचा वरचा रक्तदाब भागिले दंडातला वरचा रक्तदाब. हे डॉप्लरच्या छोट्या यंत्राने मोजतात. आकडा ०.९ ते १.३ मध्ये असेल तर बहुधा ठीक. ०.८ च्या खाली पूर्ण दाबाचा मोजा तज्ज्ञाला विचारल्याशिवाय नको, ०.५ च्या खाली मोजाच नको. मधुमेह्यांच्या रोहिणीत चुना साचून ती कडक होते, दाबली जात नाही, म्हणून हा आकडा खोटा मोठा येतो. १.३ च्या वर आला तर खूश होऊ नका, पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजून घ्या. चालताना ठरावीक अंतरावर पोटरीत गोळे येऊन थांबावं लागणं, रात्री पाय पलंगाखाली लोंबकळत सोडल्यावर बरं वाटणं, पाऊल गार पडणं ही रोहिणी अरुंद झाल्याची लक्षणं. हृदय कमजोर असून धाप लागत असेल तरीही आधी डॉक्टरांना विचारा, कारण पायातलं पाणी एकदम वर चढवणं हृदयाला झेपत नाही.

माप सकाळी उठल्या उठल्या, सूज चढायच्या आत घ्यायचं. घोट्याच्या वर जिथे पाय सर्वांत बारीक तिथला घेर, पोटरीचा सर्वांत मोठा घेर आणि टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतची लांबी, अशी तीन मापं. बुटाच्या नंबरावरून मोजा देणारं दुकान सोडून द्या.

जर्मन पद्धतीत क्लास १ म्हणजे घोट्यापाशी १८ ते २१, क्लास २ म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर पारा. ब्रिटिश पद्धतीत क्लास २ म्हणजे १८ ते २४, म्हणून खोक्यावर क्लासचा आकडा न बघता दाबाचा आकडा वाचा. डाग आणि खाज सुरू झालेल्या पायाला सहसा २३ ते ३२ चा सांगतात. पण सत्तरीच्या बोटांना तो चढवता येत नसेल तर १८ ते २१ चा रोज घातलेला बरा, कपाटात पडलेला क्लास २ कोणाच्या कामाचा नाही. बहुतेकांना गुडघ्यापर्यंतचा पुरतो. मांडीपर्यंतचा घसरतो, गुंडाळी होते आणि ती गुंडाळीच पाय आवळते.

रानजाई

चढवायचा कसा तेही सांगा. अर्धे लोक तिथेच हार मानतात.

पारिजात_नर्सिंग

पाठ असलेल्या खुर्चीत बसा. हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, हे सगळ्यांत महत्त्वाचं. मोज्यात हात घालून टाचेची पिशवी चिमटीत धरा आणि तिथपर्यंत मोजा उलटा करा. आता पाऊल आत घाला आणि टाच टाचेच्या पिशवीत बरोबर बसवा. मग रबरी तळव्यांनी कापड थोडं थोडं वर सारत न्या, जशी साल उलटी चढवावी तसं. वरची कड धरून ओढायचं नाही. ओढलं की वर कापड ताणलं जातं, घोट्यावर सैल राहतं आणि घोट्यापाशी जास्त, वर कमी असा हवा असलेला दाब उलटा होतो. उरलेलं कापड गुडघ्याखाली दुमडूही नका, दोन थरांत दाब वाढतो आणि तिथे पाय करकचतो. बोटं उघडी असलेला मोजा असेल तर पावलावर आधी गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी चढवा, मोजा वर गेला की पिशवी बोटांकडून ओढून काढा.

सकाळी उठल्यावर लगेच घालायचा, झोपताना काढायचा. क्रीम रात्री लावा, सकाळी लावलं तर मोजा चढत नाही आणि तेलकटपणाने त्याचा ताण लवकर मरतो. धुताना कोमट पाणी, साधा साबण, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. दोन जोड हवेत. सहा महिन्यांनी मोजा चांगला दिसला तरी दाब उतरलेला असतो. चढवायला अचानक सोपा वाटू लागला, तर तो संपला असं समजा.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मोज्यावरूनच पाण्याचा फवारा मारला तर वाळता वाळता पाय गार राहतो.

चाफा

एक भर. साधं क्रेप बँडेज हे मोज्याला पर्याय नाही. काही तासांत सैल पडतं, आणि घरच्या हाताने मध्येच एखादा वेढा घट्ट बसला तर त्याच्या खाली सूज वाढते. दाब पायाच्या घेरावरही ठरतो. सारख्याच ताणाने गुंडाळलं तरी बारीक घोट्यावर जास्त आणि जाड पोटरीवर कमी दाब बसतो. काटकुळ्या पायाच्या नडगीवर म्हणूनच कापसाचा थर देऊन मगच गुंडाळतात.

टाच_वर_टाच_खाली (फिजिओथेरपी)

मोजा बाहेरून दाबतो, पण पंप पोटरीच आहे. मोजा घालून दिवसभर आरामखुर्चीत बसलं तर अर्धाच फायदा.

स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभे राहा. पावलं खांद्याइतक्या अंतरावर, गुडघे सरळ पण कुलूप न लावलेले. दोन अंकांत टाचा वर, एक अंक थांबा, चार अंकांत सावकाश खाली. १० वेळा झालं की मिनिटभर विश्रांती, अशा तीन फेऱ्या. दर आठवड्याला दोन-तीन वाढवत प्रत्येक फेरी २५ पर्यंत न्या. तीन चुका नेहमीच्या: टाच धप्पकन आपटणं (खाली येतानाचं काम वाया जातं), अंग ओट्यावर रेलणं, आणि वर जाताना घोटा बाहेर कलणं. कललेला घोटा मुरगळतो.

उभं राहता येत नसेल तर खुर्चीत पावलं टेकवून, मांडीवर गुडघ्याजवळ दोन किलो तांदळाची पिशवी ठेवून टाचा उचला. नुसती हवेत बोटं हलवण्यापेक्षा वजन उचलणं पंपाला जास्त लागू पडतं.

दुसरी गोष्ट घोट्याची. घोटा आखडला असेल तर पोटरी कितीही आवळा, पंपाला वावच मिळत नाही. ओढणी किंवा पंचा तळव्याच्या चवड्याभोवती घालून, गुडघा सरळ ठेवून, पाऊल आपल्याकडे ३० सेकंद ओढून धरा. तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. आणि चालणं बघा. घरात सपाता घासत चालणाऱ्यांची टाच उचललीच जात नाही. मागे पट्टा असलेली चप्पल घातली की पाऊल आपोआप टाचेवरून चवड्यावर जायला लागतं.

पाय वर ठेवणे म्हणजे समोर स्टुलावर ठेवणे नव्हे. घोटा छातीच्या पातळीच्या वर हवा, २० ते ३० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. उशी पोटरीखाली घाला, टाच मोकळी लोंबू द्या. नुसत्या टाचेखाली उशी दिली तर टाचेवर दाबाची जखम होते आणि गुडघा मागे ताणला जातो. रात्रीसाठी पलंगाच्या पायथ्याकडच्या खुरांखाली दोन-दोन विटा, म्हणजे सहा इंच उतार. रोहिणी अरुंद असेल किंवा झोपल्यावर धाप लागत असेल तर हे करू नये.

माळरान

काशाची वाटी कोणीच काढली नाही? तळपाय घासला की वाटी काळी पडते, तो रक्तातला दोष बाहेर येतो म्हणतात. हल्ली तर यंत्रंही आली आहेत.

अबोली_त्वचा

काळं पडतं ते धातूमुळे. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तेला-तुपाबरोबर घासताना सुटलेले धातूचे कण त्यात मिसळून काळपट थर होतो. काळेपणावरून आतल्या दोषाचा अंदाज करता येत नाही. तळपायाला छान वाटतं, झोप लागते, तेवढ्यासाठी जरूर करा. तळव्याची कातडी जाड असते, ती सोसते. पण दोन गोष्टी टाळा. पायाला बधिरपणा असलेल्या मधुमेह्याला यंत्राची उष्णता कळत नाही, सोलवटतं तेव्हाही कळत नाही. आणि घोट्याच्या वर, काळवंडलेल्या भागावर, वाटी फिरवायची नाही. ती कातडी कागदासारखी असते.

हाताने मालिश करायचं तर हलक्या हाताने, घोट्याकडून गुडघ्याकडे. फुगलेल्या शिरांवर जोर नको. खोबरेल चालतं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल कोरड्या, खाजऱ्या कातडीला बरं नाही, त्यांनी तिचं वरचं संरक्षक आवरण उलट कमजोर होतं. मालिशनंतर पाय पुसून मगच फरशीवर टेकवा, तेलकट तळव्याने पडून खुब्याचं हाड मोडण्याचा धोका मालिशच्या फायद्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आता कातडीची रोजची निगा. साधी साबणवडी अल्कधर्मी, पीएच ९-१० च्या आसपास. कातडी ५.५ च्या आसपास. गुडघ्याखाली साबण रोज लावायची गरजच नाही, लावलाच तर साबणविरहित वडी. पाणी कोमट. दगडाने, उटण्याच्या भरड चोथ्याने घासणं बंद. पाय टिपून घ्या, ओलसर असतानाच वास नसलेलं क्रीम किंवा पेट्रोलियम जेली केसांच्या दिशेने, वरून खाली लावा. उलटं चोळलं की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. प्रमाण लोक फार कमी घेतात. दोन्ही पायांना गुडघ्यापासून पावलापर्यंत एका वेळी ५ ग्रॅम लागतं. दिवसातून दोनदा म्हणजे १० ग्रॅम. १०० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर ती कातडीला पुरलेली नाही. टाचेच्या जाड भेगांना १० टक्के युरियाचं क्रीम चांगलं, पण लस येणाऱ्या जागी ते आग करतं.

लस येत असेल तर तेलकट काही नको. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात दीड सपाट चहाचा चमचा मीठ, त्यात गॉजची घडी भिजवून १५-२० मिनिटं ठेवा, दिवसातून दोन-तीनदा. पोटॅशियम परमँगनेट वापरायला सांगितलं असेल तर पाणी फिकट गुलाबीच हवं आणि एकही स्फटिक न विरघळलेला राहता कामा नये. जांभळ्या पाण्याने कातडी भाजते.

आणि मलमांबद्दल कळकळीने सांगते. या पायांची कातडी ॲलर्जीला फार लवकर बळी पडते. जखमेच्या मलमांतलं अँटिबायोटिक निओमायसिन, त्याचंच भावंड फ्रामायसेटिन, लोकरीतली चरबी म्हणजे लॅनोलिन, सुगंध, हे नेहमीचे गुन्हेगार. मलम लावल्यापासून खाज वाढली, लाली मलम लावलेल्या चौकोनाबाहेर पसरली, तर जंतू नाही, मलमच बाधतंय असा संशय घ्या. दुसरं म्हणजे तीन औषधांची खिचडी असलेली खाजेची मलमं. त्यांत अनेकदा क्लोबेटासोलसारखं अतितीव्र स्टेरॉइड असतं. चार दिवस स्वर्ग वाटतो, चार महिन्यांनी कातडी इतकी पातळ होते की मोज्याच्या शिवणीनेही फाटते. स्टेरॉइड लागतं, पण कोणतं आणि किती दिवस हे त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. मोजा नसेल तर कुठलंही मलम थांबवल्यावर इसब, म्हणजे ही खाज, कोंडा आणि लस, परत येणारच.

दवाची_यादी (फार्मसी)

सुजेचं कारण गोळ्यांच्या डब्यातही शोधा. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन दोन्ही घोटे सुजवते, ५ मिलिग्रॅमपेक्षा १० वर जास्त. ती रोहिणीकडचा नळ मोकळा करते, नीलांकडचा नाही, म्हणून केशवाहिन्यांत दाब वाढतो. ही सूज लघवी वाढवणाऱ्या गोळीने फारशी उतरत नाही, तरी अनेकांना वर्षानुवर्षं ती दिली जाते. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना 'घोट्याची सूज गोळी सुरू झाल्यावर आली' एवढं सांगा. मात्रा कमी करता येते, किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी जोडीला दिली की सूज घटते. नसांच्या दुखण्यावरच्या प्रेगाबालिन, गाबापेंटिन आणि मधुमेहातली पायोग्लिटाझोन यांनीही पाय सुजतात.

डायोस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्या जडपणा आणि सूज थोडी कमी करतात. झडप दुरुस्त करत नाहीत.

माळरान

आमच्याकडे गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात पाय सुजला की लोक आधी हत्तीपाय म्हणतात. फरक कसा ओळखावा?

चाफा

पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूला, कातडी चिमटीत उचलून बघा. झडपांच्या सुजेत ती सहज उचलली जाते, पावलाची बोटं सहसा सुटी असतात. हत्तीपायात, म्हणजे रसवाहिन्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्या) तुंबल्यावर, चिमूट बसत नाही, पावलाची पाठ उशीसारखी फुगते, बोटं चौकोनी दिसतात. दोन्ही एकत्रही असू शकतं. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर भागात हत्तीपायासाठी रक्ततपासणी करून घ्यावीच.

दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर हृदय, किडनी, यकृत, थायरॉइड हे आधी बघून घ्या. साध्या लघवी तपासणीत प्रथिनं जात आहेत का तेही कळतं.

एकच पाय अचानक, एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी दुखते, तर खोल नीलेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना, चोळायचं अजिबात नाही. सोबत धाप किंवा छातीत दुखणं असेल तर तासाचाही उशीर नको. एक पाय लालभडक, गरम आणि ताप असेल तर जंतुसंसर्ग. दोन्ही पाय एकाच वेळी लाल आणि ताप नाही, तर बहुतेकदा ते हेच इसब असतं आणि अँटिबायोटिकने बरं होत नाही.

संसर्ग शिरतो तो बहुधा बोटांच्या बेचक्यातून. चिखल्या बऱ्या करा, बेचकं रोज कोरडं पुसा. जुनाट सूज असलेल्या पायाला वारंवार संसर्ग होत असेल तर मोजा हे औषधच आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत दाब वापरणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना पुन्हा संसर्ग झाला, न वापरणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांना.

अबोली_त्वचा

जखम झालीच तर? घोट्याच्या आतल्या बाजूची उथळ, ओली, दोन आठवड्यांत न भरणारी जखम म्हणजे झडपांचीच असं धरून कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा. चिठ्ठीवर 'रिफ्लक्ससाठी, उभं करून' असं लिहून घ्या, रिफ्लक्स म्हणजे रक्त उलटं वाहणं. झोपवून फक्त गुठळी बघितली तर अहवाल 'नॉर्मल' येतो आणि गळकी झडप तशीच राहते. वरवरच्या नीलेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ रक्त उलटं वाहिलं तर झडप गळकी. ती नीला लेसरने किंवा रेडिओलहरींनी बंद करतात, भूल जागेपुरती. जखम भरेपर्यंत थांबू असं पूर्वी म्हणत. ब्रिटनमधल्या एव्रा चाचणीने (२०१८) दाखवलं की लवकर बंद केली तर जखम मध्यमानाने ५६ दिवसांत भरते, उशिरा केली तर ८२. दोन्ही गटांत दाबाची पट्टी होतीच.

हळद, राख, पावडर जखमेत भरू नका. सहा आठवड्यांत कडा आत सरकल्या नाहीत किंवा जाड, उलटलेल्या झाल्या तर तुकडा तपासायला द्यावा, जुन्या जखमेत क्वचित कर्करोग निघतो. आणि ताटात प्रथिनं हवीत. ६० किलोच्या वृद्धाला रोज ६० ते ७२ ग्रॅम, जखम असताना त्याहून थोडी जास्त. वरण-भात आणि दोन पोळ्यांनी ती भरत नाहीत, दूध, दही, अंडी, मासे, उसळी मोजून घ्याव्या लागतात. किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून.

रानजाई

शेवटचा प्रश्न. हे सगळं केलं तर काळे डाग जातात का?

पारिजात_नर्सिंग

सावकाश फिकट होतात, महिने-वर्षं लागतात, पूर्ण जातीलच असं नाही. म्हणून डागाकडे बघून मोजा सोडू नका. गोरेपणाची क्रीम तर अजिबात नको, ती लोहावर चालत नाहीत आणि कातडी चरचरते. गुण आलाय का ते टेपने मोजा. घोट्याच्या आतल्या हाडापासून १० सेंटिमीटर वर पेनने खूण करा, तिथला घेर दर रविवारी संध्याकाळी त्याच वेळी घ्या आणि वहीत तारखेसह लिहा. शेजारी खाजेला १० पैकी गुण द्या. कातडी चिमटीत उचलली जाते का, की लाकडासारखी कडक लागते, हेही लिहा. पहिल्या तीन-चार आठवड्यांत घेर आणि खाज उतरायला हवी. घेर तसाच राहिला तर आधी मोज्याचं माप पुन्हा घ्या. सूज उतरल्यावर जुना मोजा मोठा होतो, तेव्हा दुसरा जोड नव्या मापाने घ्यावा लागतो.